आमच्या फ्रीजरमध्ये अंटार्क्टिका

ती. सौ. इराताईस,

मुलुंडहून माणिकचा शिरसाष्टांग नमस्कार. (लिहिण्यापुरताच. कंबर धरली आहे, प्रत्यक्ष वाकले तर उठवायला माणसं लागतील.) भाऊजींचा गुडघा कसा आहे? सांगलीत नदी वर आली आहे म्हणतात, त्यांना पाणी बघायला म्हणून काठावर जाऊ देऊ नकोस. आता मुद्द्याचं. 'माणिकने गणपती यायच्या आधीच अख्ख्या बिल्डिंगला मोदक वाटले' ही बातमी तुझ्यापर्यंत पोचलीच असेल. (आमच्या शेजारच्या मानसीचं माहेर तुमच्याच गल्लीत, त्यामुळे आमच्या घरात भांडं पडलं की आवाज सांगलीत येतो.) बातमी खरी आहे. पण ऐकून घे, मग हवं ते बोल.

आपली स्वरदा बर्फावर संशोधन करते, एवढं तुला माहीत आहेच. अंटार्क्टिकात बर्फाला खोल भोकं पाडतात, आतून पडवळासारखे लांब तुकडे काढतात आणि ते इकडे येतात. त्यांत बारीक बुडबुडे असतात. बर्फ पडला त्या काळातली हवा त्यांत कोंडलेली असते. ती हवा तपासली की जगात धूर कसा वाढत गेला, ऊन कसं चढत गेलं, पुढे ध्रुवावरचा बर्फ किती वेगाने वितळेल, हे सगळं समजतं म्हणे. आमच्या शरच्चंद्रांना यातलं एकच समजलं होतं, ते म्हणजे समुद्र वर येणार. त्यामुळे पोरगी जेवायला बसली रे बसली की यांचा प्रश्न ठरलेला : 'आपला चौथा मजला पुरेल ना गं?' ती बिचारी हसायची आणि ताटाकडे बघत राहायची. बापलेकींचं बोलणं म्हणजे एवढंच. दोघं एकमेकांना घाबरतात की काय, असं मला वाटायचं.

तर चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात दुपारी तिचा फोन. अंधेरीला एमआयडीसीत त्यांची प्रयोगशाळा आहे, तिथली बर्फाची थंड खोली बंद पडली, जनरेटरही रुसला. बाकीचे खोके इकडेतिकडे पाठवले, तिचे तेवढे उरले. आवाज असा, की मला ती पहिलीतली वाटली. म्हणाली, 'आई, तुझा फ्रीजर रिकामा होईल?' ताई, तो फ्रीजर मी मोदकांच्या ऑर्डरींसाठी घेतला आणि तो उकडीच्या मोदकांनी गच्च भरला होता. मी 'हो' म्हणाले. मोदक परत वळता येतात. हा बर्फ पुन्हा पडायला किती शतकं लागतील कोण जाणे! मग काय, फ्रीजर उपसला आणि दारोदार मोदक. आमच्याच मजल्यावरच्या सुगंधाकाकू म्हणाल्या, 'अगं, बाप्पा यायचाय अजून!' मी म्हटलं, 'त्याला चालतंय, तुम्ही खा.' (खाल्ले. चार खाल्ले.)

स्वरदा थर्माकोलचे खोके घेऊन जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने रिक्षातून आली. पवईला ट्रॅफिकची वाट लागलेली, रिक्षावाला सारखा मागे वळून विचारतोय, 'मॅडम, मच्छी है क्या? बास क्यूं नहीं आ रही?' घरी पोचल्यावर खोके आत गेले, मी देवापुढे दिवा लावला आणि शरच्चंद्रांनी फ्रीजरच्या बटणावर चिकटपट्टी मारून समोर खुर्ची टाकली. कुणी पाणी प्यायला उठलं तरी हे डोळे वटारायचे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंडळाच्या पोरांनी खाली रोषणाई लावून बघितली. झकास दिसली म्हणे. क्षणभरच. मग मीटरच्या खोलीत फाट् झालं आणि सगळी बिल्डिंग अंधारात. वायरमन म्हणाला, आज काही होत नाही. कोपऱ्यावर केयूरभाईंचं आइस्क्रीमचं दुकान आहे, ते घरातलं माणूस असल्यासारखे आहेत. शरच्चंद्र धावत गेले. केयूरभाईंनी एक फ्रीजर मोकळा करायला घेतला, पण आधी दबकत विचारलं, 'साहेब, यात नॉनव्हेज तर काही नाही ना?' आमचे हे म्हणाले, 'केयूरभाई, शंभर वर्षं कडक उपवास आहे त्याचा.'

लिफ्ट बंद, म्हणून खोके जिन्याने. मी एक उचलला (कंबर तिथे गेली), स्वरदाने एक, आणि तिसरा शरच्चंद्रांनी. दुसऱ्या मजल्यावर यांचा पाय घसरला. हे बचावले, खोका उघडला आणि बर्फ पायऱ्यांवर फुटला. ताई, हे तिथेच बसले आणि तुकडे ओंजळीत गोळा करू लागले. स्वरदा हळूच म्हणाली, 'बाबा, हात नका लावू. हात गरम असतात.' हे म्हणाले, 'मग कशाने उचलू गं?' तिला रडू फुटलं. यांनाही. मी मध्ये उभी, हातात अंटार्क्टिका, डोळे पुसायचीही सोय नाही.

दोन खोके वाचले. केयूरभाईंकडे कुल्फीच्या शेजारी राहिले आणि मग थंड गाडीतून गोव्याच्या प्रयोगशाळेत सुखरूप गेले. फुटलेल्याचं काही होणार नव्हतं. त्यातला एक तुकडा स्वरदाने त्याच रात्री मेणबत्तीच्या उजेडात वाटीभर पाण्यात टाकला आणि वाटी यांच्या कानाशी धरली. आतून चुटचुट आवाज येत होता. 'बुडबुडे फुटतायत, बाबा. साधारण आजी जन्मली त्या सुमाराची हवा आहे ही.' सासूबाई गेल्या तेव्हाही हे मुकाट होते. या वेळी यांनी वाटी नाकाशी नेली, डोळे मिटले आणि खोल श्वास घेतला. (मग जोरात शिंकले, ते सोड.) त्यानंतर जे बोलत बसले दोघं! धूर, समुद्र, आपली ठाण्याची खाडी, सासूबाईंच्या लहानपणीचा उन्हाळा. चौथ्या मजल्याचं नाव नाही. मी आत जाऊन नारळ खवायला घेतला. मोदक सगळे पुन्हा वळायचे होते ना!

भाऊजींना नमस्कार. गुडघ्याला शेक द्यायला विसरू नकोस.

तुझी,
माणिक

ता. क. : मानसीला विचारू नकोस, ती तिखटमीठ लावून सांगेल.

आणखी एक ता. क. : स्वरदाची अंटार्क्टिकाच्या मोहिमेसाठी निवड झाली आहे. तिथला अख्खा हिवाळा काढायचा, मध्ये परत येता येत नाही. मी पेढे आणले, यांनी तिला मिठी मारली, आम्ही दोघंही फार छान हसलो. आता खरं काम सांगते, ज्यासाठी हे एवढं लिहिलं. तू तिला फोन कर आणि मोठ्या मावशीच्या अधिकाराने 'जाऊ नकोस' म्हणून ठणकावून सांग. मी म्हटलं तर ती ऐकेल गं, म्हणून मला म्हणता येत नाही. तुझं ती मुळीच ऐकणार नाही. तेव्हा तू बिनधास्त म्हण.