फळ्यांना तेलच लाव

अंगद,
मी अन् तुझी आई दिंद्रुडला कीर्तनाला निघालोत. महाराज चारलाच उभे राहतात, म्हणून घाई. भाकरी टोपल्यात हाय.

नावेच्या फळ्यांना व्हार्निश लावू नको. चकाकतं लई, पण मी एका फळीला व्हार्निश, दुसरीला जवसाचं तेल लावून वाळवलं अन् आज दोन्हींवर पाणी ओतून उभा राहिलो. व्हार्निशवर असा आपटलो, की तुझी आई पोट धरून हसली. लागलं न्हाई, पांडुरंगाची कृपा.

मग तेलाच्या फळीवर ती स्वतःच ओल्या पायानं चढली, अन् जरा बी घसरली न्हाई. पारसाल नावेतून घसरून धरणात पडल्यापासून तिनं नावेत पाय ठेवला नव्हता. म्हणाली, "सोमवारी जाळं मीच टाकते."

आजच तेल लाव. सोमवारी ती कुणाचं ऐकायची न्हाई.

आबा