एक्केचाळीस गव्हर्नर आणि एक कोरं पान

मी, धर्मा बाळाराम मढवी, वय एकाहत्तर, राहणार सेक्टर पाच, घणसोली, नवी मुंबई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचं डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. कोणाचा दबाव नाही. यापूर्वीचं मृत्युपत्र रद्द समजावं.

१. राहता फ्लॅट मुलगा धनेश याला.

२. गावठाणातल्या घराचा माझा हिस्सा मुलगी मनस्वी हिला. तिथे ओटीवर धाकट्या भावाने, कोंडिबाने, भिंत घातली म्हणून मी दावा लावला. अकरा वर्षं बोललो नाही. माझी बायको शांती गेली तेव्हा सगळ्यांत आधी तोच धावत आला. त्याला माफ केलं असं लिहवत नाही. पण दावा पुढे चालवू नये.

३. महाप्याच्या कारखान्यात मी स्टोअरकीपर होतो. तिथला अमेरिकन इंजिनियर परत जाताना त्याच्या आजोबांचा अल्बम मला देऊन गेला. त्यात अमेरिकेतल्या राज्यांच्या जुन्या गव्हर्नरांच्या बारा सह्या होत्या. तिकडच्या संग्राहकांना आपली पोस्टाची तिकिटं पाठवून मी त्या एक्केचाळीस केल्या. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची ही माणसं माझी कोण, हे मला आजही सांगता येत नाही.

२०११ साली मी ऑपरेशनसाठी आठ दिवस दवाखान्यात असताना वरच्या मजल्यावरचा पाइप फुटला. घरी आल्यावर शांती म्हणाली, “कपाटान पानी शिरला व्हता. पन तुमच्या सह्यांना काय झाला नाय.” मी अल्बम उघडला. सगळं जागच्या जागी होतं.

ती गेल्यावर तिच्या ट्रंकेत शाळेची वही सापडली. इंग्रजीचं एक अक्षर वाचता न येणाऱ्या बाईने मी काढून ठेवलेल्या सह्यांच्या झेरॉक्सवरून तीन गव्हर्नरांच्या सह्या पानोपान गिरवल्या होत्या. अल्बमच्या शेवटच्या जुन्या, कोऱ्या पानांतलं मात्र एकच कापलेलं आहे. म्हणजे पाण्यात गेलेल्या एका सहीच्या जागी, त्या जुन्या कागदावर केलेली, एक सही तिची. कोणती, ते कळत नाही. भिंग लावून सोमवारी एक वाटते, मंगळवारी दुसरी.

४. एका परदेशी गिऱ्हाइकाला अल्बम हवा आहे. सगळ्या सह्या अस्सल असल्याचं मी लिहून द्यावं, ही त्याची अट. तज्ज्ञाला दाखवू, असं धनेशचं म्हणणं. मनस्वी म्हणाली, “बाबा, त्याने खोटी म्हणून एक बाजूला काढली, तर आईने केलं ते खोटं ठरेल का?”

तरी अडतीस सह्या धनेशला; हव्या तर विकाव्यात. उरलेल्या तीन, वहीसकट, मनस्वीला. त्या कधीही तपासून घेऊ नयेत.

वरचा मजकूर वाचला, समजला, असं शेवटी लिहायची रीत आहे. वाचला. कलम चार मला अजून पुरतं समजलेलं नाही; पण ते मला मान्य आहे.

सही: धर्मा बाळाराम मढवी

आमच्यासमोर सही केली:
डॉ. नंदिनी सामंत
तेजस पुंडलिक ठाकूर

घणसोली, १२ जानेवारी २०२५