नऊशे पासष्ट तास आणि पावशेर चिंच

मुलुंड,
१६ ऑक्टोबर १९८६

ती. दत्ताराममामांस गुणाजीचा साष्टांग नमस्कार.

सुनंदामामींचा गुडघा कसा आहे? मी सांगितलेलं तेल लावू नका, लावलं असल्यास ताबडतोब पुसा (आईला लावलं, ती आता दोन्ही पायांनी लंगडते). भांडुप म्हणजे पुढचंच स्टेशन, तरी मेला पत्र लिहितोय म्हणून हसाल. हसा. मला कोणाला तोंड दाखवायची सोय राहिलेली नाही.

मामा, माझी पार वाट लागली. तुम्हाला ठाऊक आहे, विक्रोळीच्या आमच्या प्रयोगशाळेत मी पाण्यात वीज सोडून हायड्रोजन काढतो (गावात ‘गुणाजी पाणी उकळतो’ असं सांगतात, ते कोणी पसरवलं ते मला माहीत आहे). पाणी सहजासहजी फुटत नाही, म्हणून निकेलच्या पत्र्यावर उत्प्रेरकाचा काळा लेप देतात, मग थोडक्या विजेत काम भागतं. लेप कोणीही देईल हो, टिकत कोणाचाच नाही. माझा सलग हजार तास टिकला तर नोकरी कायम, नाहीतर नारळ, असं साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं. एक सप्टेंबरला बटण दाबलं. त्यापायी गणपतीला गावी आलो नाही, आजी अजून माझं नाव घेत नाही. अनुपमा (माझी बायको, तुम्ही तिला लग्नात पाहिलंत, मी तरी त्यानंतर कुठे पाहिलंय) म्हणाली, त्या पत्र्याशीच संसार करा.

आला शनिवार, खंडेनवमी. नऊशे पासष्ट तास झालेले, पस्तीस उरलेले. आमचा शिपाई काशीराम, आपल्याच मालवणकडचा, भलता देवभोळा. दरवर्षी सगळी यंत्रं बंद करून घासतो, हळदकुंकू लावतो, झेंडू वाहतो. साहेबांनी बोलावलं म्हणून मी दहा मिनिटं खाली गेलो. वर येऊन बघतो तर वीज बंद, भांडं रिकामं, आणि माझा पत्रा पाटावर चांदीच्या ताटासारखा लखलखतोय! काशीराम काथ्या हातात घेऊन, घामाघूम, तोंडभर हसत म्हणतो, “सायबानू, मेली काजळी निघाकच नाय. पावशेर चिंच लागली. आता बगा कशी चकचकता!”

काजळी! माझं चाळीस दिवसांचं आयुष्य मोरीतून वाहून गेलं, मामा. मी तिथेच फतकल मारून बसलो आणि सगळ्यांदेखत रडलो. साहेबांनी पाठीवरून हात फिरवला, पोरगा दुर्दैवी म्हणाले, आणि पुन्हा हजार तासांची संधी दिली. म्हणजे पुन्हा एकपासून. जीव नकोसा झालाय. मामींना नमस्कार.

तुमचा,
गुणाजी

ता. क. खरं काम राहिलंच. काशीरामला सोमवारपासून घरी बसवलंय. बायको आजारी, दहिसरला भाड्याची खोली. तुमच्या कारखान्यात त्याला कुठेतरी चिकटवा. मी सांगितलं असं त्याला कळू देऊ नका.

ता. क. २. का, ते तुम्हाला सांगतोच, नाहीतर झोप लागायची नाही. लेप पंधरा दिवसांपूर्वीच जागोजाग सुटायला लागला होता. तळाशी पापुद्रे साचले, ते मी चहाच्या गाळणीने गाळून फेकले आणि वहीत रोज खोटे आकडे भरले. हजार झाल्यावर साहेब पत्रा तपासणार, तेव्हा काय, ह्या विचाराने अन्न गोड लागत नव्हतं. शनिवारी सकाळी काशीरामने विचारलं, “ह्येची पण पूजा करू?” मी म्हटलं, कर. नीट घासून कर.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात काशीराम येऊन गेला. नारळ घेऊन आला होता. माझे पाय धरून ढसाढसा रडला, माफ करा म्हणाला. मी त्याला माफ केलं.