अस्वलमाथ्यावरची गुलाब वाट

मी, गुलाब भाऊलाल कटरे, वय सत्तावन्न, व्यवसाय शेती व एका दैनिकाची बातमीदारी, राहणार दवनीवाडा, तालुका व जिल्हा गोंदिया, आज राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. स्मरणशक्ती तर गरजेपेक्षा जास्त चांगली आहे, हे पुढच्या कलमांवरून संबंधितांच्या ध्यानात येईलच. माझ्यावर कोणाचा दाब नाही. रक्ताचा आहे, तो डॉक्टरांच्या सोबतच्या दाखल्यात नमूद आहे. येत्या गुरुवारी नागपुरात माझी छाती उघडणार आहेत, म्हणून ही घाई.

मालमत्तेकडे वळण्याआधी एक तक्रार नोंदवणे भाग आहे. माझा एक लिटरचा स्टीलचा थर्मास गेली सात वर्षे बिनझाकणाचा आहे. त्याचे झाकण हाच त्याचा पेला. संस्कृतात एम.ए. झालेल्या, अमरकोश पाठ असलेल्या गृहस्थाने डोंगरमाथ्यावर बसून बाटलीच्या बुचातून चहा प्यावा, आणि तोही निम्मा मिशीवर सांडावा, हा अन्याय कोणत्याच कायद्यात बसत नसल्याने या दस्तात बसवत आहे. झाकण कुठे आहे ते मला ठाऊक आहे. त्याबद्दल पुढे.

कलम १. राहते घर, मागची विहीर, धानाच्या दोन बांध्या आणि बँकेतील ठेव पत्नी शामकला हिला. ठेवीचा आकडा तिला माझ्याहून चांगला माहीत आहे. गेली तीस वर्षे मी पाठीवर सॅक टाकली की ती दारातून एकच प्रश्न विचारत आली: "त्या डोंगरावर काय ठेवलं हाये जी?" याचे समाधानकारक उत्तर मला देता आले नाही. सबब घर संपूर्णपणे तिचे.

कलम २. संस्कृत ग्रंथ व कोश गावच्या शाळेला. कपाटाला माझे नाव देऊ नये. माझे नाव एका गोष्टीला दिले, तेवढे पुरे झाले.

कलम ३. दोर दोन, कमरेचा हार्नेस एक, दोर अडकवायचे कॅराबिनर अकरा, आणि सर्वेक्षण खात्याचे नकाशे, ज्यांवर माझी पेन्सिलची टिपणे आहेत, हे सर्व मुलगी रेणू हिला. आमच्या गिरिभ्रमण मंडळात सध्या नकाशा वाचणारी ती एकटी आहे. आमच्या जिल्ह्यातल्या डोंगरांना सह्याद्रीवाले टेकड्या म्हणतात. म्हणू देत. त्यांच्याकडे गड आहेत, पायऱ्या आहेत, वर लिंबूसरबत मिळते. आमच्याकडे बांबूचे रान, अस्वल आणि एकसारख्या दिसणाऱ्या चार सोंडा. डोंगराच्या माथ्यावरून खाली उतरणाऱ्या धारेला आम्ही सोंड म्हणतो. चुकीच्या सोंडेवर पाय पडला की माणूस उतरत राहतो, आणि खाली गाव येण्याऐवजी कडा येतो.

येत्या रविवारी, म्हणजे एकवीस तारखेला, रेणू कॉलेजची चाळीस मुले घेऊन चिचगडच्या पलीकडच्या अस्वलमाथ्यावर जात आहे. उतरताना 'गुलाब वाट' घेणार आहे. परवा जेवताना म्हणाली, "बाबा, तुमच्याच वाटेने उतरवणार सगळ्यांना. बॅनरवर पण तेच नाव टाकलंय." मी आणखी भात वाढायला सांगितला. भूक नव्हती.

कलम ४. मंडळाचे अध्यक्ष हिमांशू यांना माझ्याकडून काहीही नाही. हा मनुष्य दिशा विचारली की खिशाकडे बघतो. एकदा त्याला म्हटले, मोबाइल बंद पडला तर काय करशील? म्हणाला, "काका, पावर बँक है ना." खडकांवर ऑइलपेंटने बाण काढले ते यानेच, त्यातले दोन परस्परांकडे रोखलेले आहेत. चाळीस मुलांच्या सहलीला त्याने चाळीस टी-शर्ट, एक ड्रोन आणि एक दोर घेतला आहे. दोर एक का, असे विचारले तर म्हणतो, "एक के बाद एक उतरेंगे." हा दोर तो कड्यावरच्या पाखर जातीच्या, वडासारख्या झाडाला बांधतो. गेली सात वर्षे तिथेच बांधत आला आहे, आणि मंडळाच्या पत्रकात त्या जागेला 'रोमांचक टप्पा' म्हणतो. जिथे वाट संपते त्या जागेला हा शब्द ज्याने दिला, त्याला माझ्या मालकीची सुतळीसुद्धा मिळू नये.

कलम ५. केशोराव मेश्राम, राहणार चिचगड, यांनाही काहीही नाही. हे मी अध्यक्षांपेक्षा जास्त रागाने लिहीत आहे, कारण अध्यक्ष मूर्ख आहेत आणि केशोराव नाहीत. तेवीस वर्षे आम्ही एका दोरावर चढलो. दोघांनी मिळून एक पितळी होकायंत्र घेतले. ते एक महिना त्याच्याकडे, एक महिना माझ्याकडे राहायचे. माझा महिना संपला की तो पहिल्या तारखेला सकाळीच दारात हजर. पोह्यांतले शेंगदाणे वेचून खायचा. मी रागावलो तर म्हणायचा, "तू श्लोक म्हन, मी दाणे खातो. दोघंही आपापलं काम करून राहिलो."

२०१९ च्या मार्चमध्ये, भर सभेत, तीस माणसांसमोर, याच केशोरावाने खिशातून एक स्टीलचे झाकण काढून टेबलावर ठेवले. म्हणाला, "हे मले कड्याच्या काठावर भेटलं. गुलाब, मानूस कड्याच्या काठावर बसून चहा कायले पिते? समोर वाट नसली तं पिते. तू तिथं चुकला होता. सांगून टाक ना, काय होते?"

मी म्हणालो, "झाकण माझे नाही."

मग मी उभा राहून दहा मिनिटे बोललो. चांगले बोललो, तो माझा धंदाच आहे. केशोरावाला माझा मत्सर वाटतो, वाटेला माझे नाव दिले हे त्याला सलते, असे सगळे बोललो. शेवटी एक संस्कृत वचनही घातले, जे तिथे कोणाला कळले नाही आणि म्हणूनच सर्वांना पटले. केशोराव झाकण उचलून निघून गेला. मंडळात परत आला नाही. होकायंत्र त्या महिन्यात माझ्याकडे होते, ते माझ्याकडेच राहिले.

यंदाच्या ऑक्टोबरात तो दारात आला. सात वर्षांत पहिल्यांदा. केस पांढरे झालेत. बस, असे मी म्हटले नाही. उभ्या उभ्या म्हणाला, "झाड पोखरलं गा. बुंध्यात कोपरापर्यंत हात जाते. हिमांशूले सांगितलं, तो आयकत नाही. तुझं आयकन." आणि गेला. या माणसाने सात वर्षे त्या झाडावर लक्ष ठेवले. याचा मला जो राग आला तो सांगता येत नाही.

मी हिमांशूला फोन केला. म्हटले, एकदा झाड बघून घे. तो हसला. "काका, पेड़ सौ साल का है. और वाट तो आपकी है, आप ही डर रहे हो?" मी म्हणालो, छे, सहज विचारले.

कलम ६. माझ्या मृत्यूनंतर मंडळाने शोकसभा घेऊ नये. घेतल्यास 'आमचे दिशादर्शक' हा शब्द वापरू नये.

कलम ७. इथवर मजकूर तयार करून मी साक्षीदारांना वाचून दाखवला, आणि मोकळा झालो असे समजून पेन खाली ठेवले. शेजारचा संघदीप, जो रविवारी रेणूच्या मदतीला जाणार आहे, म्हणाला, "गुलाबकाका, मृत्युपत्र मानूस मेल्यावर उघडतेत. सहल तं रविवारी हाये."

दुसऱ्या साक्षीदार अल्काबाई म्हणाल्या, "आनि तुमी आपरेशनातून वाचले तं? मंग हे कपाटातच राहीन."

म्हणून हे कलम वेगळ्या कागदावर लिहीत आहे. ते माझ्या मरणाची वाट न पाहता आजच्या आज वाचावे. अमलात आणणारा केशोराव. कलम ५ या कलमाने रद्द. ते खोडत नाही, कारण खाडाखोडीचा दस्त कोर्टात अडतो असे वकील म्हणतात, आणि मी कसा वागलो ते राहू द्यावे.

खरी हकीकत अशी. १३ जानेवारी २०१९ रोजी अस्वलमाथ्यावर मी एकटाच नवी वाट बघायला गेलो होतो. खाली दाट धुके होते. होकायंत्र सॅकमध्ये होते. ते काढायचा मला कंटाळा आला, कारण हा डोंगर मला पाठ आहे अशी माझी समजूत होती. उजवी सोंड सोडून डाव्या सोंडेने उतरलो. आठ दिशांचे आठ दिग्गज मला नावानिशी येतात, त्यातला एकही कामी आला नाही. पुढे कडा आला. काठावर बसून चहा घेतला. झाकण तिथेच राहिले. परत माथ्यावर चढण्याइतके बळ नव्हते, म्हणून त्याच पाखराच्या झाडाची लोंबती मुळे धरून चाळीस फूट खाली आलो. उतरताना दोनदा आईला हाक मारली. त्या दिवशी मोबाइलमध्ये वाटेची नोंद चालू होती. हिमांशूने ती बघून विचारले, "काका, नया रास्ता?" मी हो म्हणालो. कधीच वाट न चुकलेला माणूस, अशी माझी ख्याती होती. एका होकाराने ती टिकली.

गुलाब वाट नावाची वाट नाही. ती नोंद सर्वांनी आपापल्या मोबाइलमधून काढून टाकावी. मुलांना उजव्या सोंडेने उतरवावे; पहिल्या वळणावर मोहाचे जुने झाड आहे, ते डाव्या हाताला ठेवावे. नकाशा रेणूकडे आहे. होकायंत्र संघदीपने हा कागद घेऊन जातानाच केशोरावाला द्यावे आणि त्याला रविवारी सोबत जाण्याची विनंती करावी. संघदीपला मात्र या मृत्युपत्रात काही ठेवता येत नाही, कारण साक्षीदाराला काही मिळत नाही. त्याने राग मानू नये.

रेणूला हे तोंडी सांगायला मी दोनदा तिच्या खोलीपर्यंत गेलो. ती दोराच्या गाठी तपासत होती. दोन्ही वेळा पाणी पिऊन परत आलो.

झाकण माझे आहे.

गुरुवारची मला भीती वाटत नाही. मला भीती रविवारची आहे. चाळीस मुले काठावर उभी करून रेणू त्या झाडाला दोर बांधेल, आणि मजबुती बघायला आधी स्वतः लटकेल, कारण तसे तिला मीच शिकवले आहे.

येणेप्रमाणे कलम १ ते ७ मी स्वतः लिहिली, वाचली व साक्षीदारांसमक्ष सही केली.

ठिकाण: दवनीवाडा
दिनांक: १६ डिसेंबर २०२५, मंगळवार

(सही) गुलाब भाऊलाल कटरे

साक्षीदार:
१. (सही) संघदीप रामटेके, राहणार दवनीवाडा
२. (सही) अल्का पटले, राहणार दवनीवाडा