आक्कास, फिरत्या घुमटाखालून

नाचणे, रत्नागिरी
रविवार, सकाळ

ती. गोदाआक्का,

लवूचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणतो खरा, पण पंधरा दिवस कंबर धरली आहे, कारण पुढे येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? फोनवर विचारलं की "बरी आहे" म्हणतेस आणि ठेवून देतेस, म्हणून पत्र. पत्र मध्येच ठेवता येत नाही. येतं, पण लिहिणाऱ्याला ते कळत नाही.

आधी तुझे आभार. गच्चीवरची वेधशाळा उभी राहिली ती तुझ्यामुळे. पोफळीच्या वीजगृहात चौतीस वर्षं मी डोंगराच्या पोटात काढली. एकदा पाळीवर आत गेलं की बाहेर ऊन आहे की पाऊस, पत्ता नसायचा. तेव्हाच ठरवलं होतं, निवृत्त झालो की आभाळ बघायचं, आणि तेही व्यवस्थित, नट-बोल्ट लावून. म्हणजे गोल भिंत, तिच्यावर घुमट, घुमटाला उघडमीट होणारी फट, आणि बटण दाबलं की फट हवी तिकडे वळावी म्हणून खाली चाकं आणि मोटर. नकाशा सात वेळा काढला. (सहा वेळा नम्रताने तो भाजी निवडायला घेतला.) पण घुमट करणार कोण? गवंडी म्हणाला, देवळाचा करतो, पण तो फिरत नाही. तेव्हा तू म्हणालीस, आमच्या बुरोंडीत कमालभाई फायबरच्या होड्या बांधतात, त्यांना विचार. मी हसलो होतो. ते हसणं आता मागे घेतो.

कमालभाईंनी नकाशा उभा धरला, आडवा धरला, शेवटी उलटा धरला आणि म्हणाले, "भाऊ, ही तर पालथी होडी!" दोन महिन्यांत दोन अर्धुकं तयार. फक्त, पाणी आत येऊ नये म्हणून जन्मभर खपलेला माणूस. मुद्दाम फट पाडायची म्हटल्यावर त्यांचा हात धजेना. "कापू ना नक्की?" असे तीन दिवस फोन.

घुमट गच्चीवर चढवताना अख्खी आळी दोराला लागली. शेजारच्या तुळसाकाकूंनी, कलमांच्या मोहोरावर सावली पडेल म्हणून, महिनाभर आमच्याशी बोलणं टाकलं होतं. त्याच खाली उभ्या राहून "डावीकडून घ्या रे!" ओरडत होत्या, आणि नंतर सगळ्यांना कोकम सरबतही त्यांचंच. आता रस्त्याने जाणारे घुमटाकडे बघून हात जोडतात. कुणी देऊळ समजून, कुणी दर्गा. मी वर उभा असलो तर थोडं पुण्य मलाही मिळतं.

मग चाचणी. भर दुपारी. फटीच्या मोटरची वायर घुमटाबरोबर फिरणार, हे विजेत आयुष्य घालवलेल्या माणसाला सुचायला हवं होतं. मी बटण दाबलं आणि दुर्बीण बसवण्यासाठी मधोमध बांधलेल्या सिमेंटच्या खांबाला टेकून उभा राहिलो. पहिला फेरा सुरेख झाला. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. दुसऱ्या फेऱ्यात वायर पोटाला लागली. तिसऱ्यात मी चोरासारखा खांबाला बांधला गेलो. बटण चार हात लांब.

हाका मारल्यावर नम्रता वर आली. तिने नीट पाहून घेतलं.

"हे असंच असतं का?"

"बंद कर! लाल बटण!"

"दोन्ही लालच आहेत की!"

(होती. दुकानात हिरवं संपलं होतं.) तिने दाबलं ते फटीचं. फट मिटली, आत काळोख झाला, घुमट फिरतोच आहे. आणि त्याच क्षणी लाइट गेली. आक्का, चौतीस वर्षं लोकांच्या घरी वीज पाठवली, पण ती गेल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

कमालभाई दुसऱ्या दिवशी मिळेल त्या एसटीने आले. माझ्यासमोर हसले नाहीत. (जिन्यात हसले, ऐकू आलं.) वायर काढून त्यांनी बॅटरी घुमटातच बसवली, आणि शिवाय दोर अन् कप्पी. "मोटर असू दे, भाऊ. पण दर्यात इंजिन बंद पडलं की वल्हंच लागतं." आता तुळसाकाकू एका हाताने घुमट फिरवतात. काल तिन्हीसांजेला सगळे वर जमलो, फट पश्चिमेला वळवली आणि शुक्र दिसेपर्यंत माना वर करून उभे राहिलो. माझ्या एकट्याच्या हौसेला एवढे हात लागतील, असं मी सातही नकाशांत कुठे काढलं नव्हतं.

तुझा,
लवू

ता. क. एक राहिलंच. वेधशाळेत दुर्बीण नाही. भावोजींनी बोटीवरून आणलेली पितळी दुर्बीण तुझ्या माळ्यावरच्या ट्रंकेत आहे ना? ते गेल्यापासून तू ट्रंक उघडली नाहीस, ठाऊक आहे. पार्सलने नको, काच फुटेल. मांडीवर घेऊन तूच ये. बसवायला दोन-तीन महिने सहज लागतात, तेव्हा कपडे त्या हिशेबाने आण.

ता. क. दुसरा, नम्रताकडून. वन्सं, पाकीट चिकटवायच्या आधी वाचलं. दुर्बीण दिवाळीतच आली आहे, चांगली मोठी. खाटेखाली खोक्यात आहे. "आक्का, तिथे एकटी राहू नकोस" एवढं वाक्य यांना फोनवर म्हणता येत नाही. चार वर्षं बघतेय, नंबर लावतात आणि गुडघे विचारतात. शनिवारी कमालभाईंचा टेंपो इकडे यायचा आहे. पुढची सीट मी तुमच्यासाठी सांगून ठेवली आहे. ट्रंक उघडावीशी वाटली नाही तर नका उघडू. नुसत्या या.