देवी बोलली का तू?

आई, तू जाऊन तेवीस वर्षं झाली. माझा राग मात्र अजून गेलेला नाही.

आणीबाणीच्या आदल्या वर्षीची गोष्ट. दर मंगळवारी तुझ्या अंगात देवी यायची आणि आपल्या दोन खोल्यांत गल्लीतल्या बायका प्रश्न विचारायला दाटीवाटीनं बसायच्या. त्या मंगळवारी गारगोटीहून माझी मैत्रीण आली, तिच्या आईबरोबर. डी.एड.ला आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. आमचं एकमेकींवर प्रेम होतं, नवरा-बायकोचं असतं तसं, आणि तुला ते ठाऊक होतं. सुट्टीत ती आपल्याकडं आली होती, तेव्हा तू आम्हाला माळ्यावर मिठीत पाहिलंस आणि तशीच खाली उतरलीस. तिची आई पदर पसरून म्हणाली, "पोरगी लगीन नको म्हणतीया. काय दोष हाय सांग." मी हळदी-कुंकवाचं ताट धरून उभी. तू घुमायची थांबतेस, माझ्याकडं बघतेस, रोजच्याच नजरेनं, आणि तिच्याकडं बोट करून ओरडतेस, "हिच्या मनात बाई बसलीया! पापीण हाय ही. म्हैन्यात हिला उजवा, न्हाय तर घर बुडंल!" शेजारच्या बायका तिच्यापासून सरकून बसल्या.

लग्न ठरलं आणि चार दिवस आधी तिनं जीव दिला. निरोप आला तेव्हा तू भाकरी थापत होतीस. "देवीनं सांगितलंच हुतं," म्हणालीस. हात थांबला नाही. मी विचारलं, "देवी बोलली का तू?" तर म्हणे, "मला काय ठावं? मी तवा शुद्धीत नसती." मग त्या बेशुद्धीत माझं नाव बरं गाळलंस? तिच्या मनातली बाई देवीला दिसली, आणि तीच बाई समोर ताट धरून उभी होती, ती दिसली नाही? स्वतःची पोरगी झाकायला तू दुसरीची पोरगी पुढं केलीस.

मलाही मरायचं होतं. शेजारच्या शिंप्याच्या घरातल्या चाचीनं ते तोंडावरून ओळखलं. मला मशीनजवळ बसवून घेतलं, हातात काजं करायला दिली आणि सरळ विचारलं, "मरायचं हाय व्हय?" मी हो म्हणाले. "तू बी गेलीस तर ती पोरगी कशी हुती, हे कोण सांगंल गं?" महिनाभर तिनं मला एकटं सोडलं नाही. पुढं चंदगडला शाळेत लागले, जगले. तू मात्र शेवटपर्यंत मंगळवारी पाटावर बसत राहिलीस.

हे पत्र कुठं धाडणार? पण चाचीलाही न सांगितलेलं एक सांगते. मैत्रिणीच्या घरी लग्नाची घाई सुरू झाली, तेव्हा तुझ्याकडं या, असं मीच तिला सुचवलं होतं. वाटलं होतं, देवीच्या तोंडून तू लग्न थांबवशील.