आप्पांच्या उशाशी ठेवलेला समुद्र

दि. ११ फेब्रुवारी

चि. सोन्यास,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत. तूही असशीलच, तुला काही झालं असतं तर आतापर्यंत त्याचा व्हिडिओ आला असता. आप्पांचं पुढे लिहिते.

पत्र बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि चुकून झालंच तर "ताई, मुद्द्यावर ये" म्हणतोस. कागदाला मध्ये तोडता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

तर मुद्दा. तुझा निरोप मिळाला. रविवारी टेम्पो आणि दोन माणसं येणार, प्रवाळाची टाकी उचलून तुझ्या नव्या स्टुडिओत नेणार, आणि मी फक्त दार उघडायचं. वर "तुझीही कटकट वाचेल" असं म्हणालास. माझ्या कटकटीची तुला आठवण झाली, केवढे उपकार झाले.

ही टाकी आप्पांच्या खोलीत कशी आली ते तू विसरला असशील. पंपाच्या गुरगुरीने तुला झोप लागेना, म्हणून एका सकाळी ती त्यांच्या उशाशी नेऊन ठेवलीस. त्यांना कोणी विचारलं नाही. मग तुझं लग्न झालं, शहर बदललं, आणि प्रवाळ, मासे, मिठाची पोती, आप्पा असं सगळं सामान इथेच राहिलं. मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना "आता दिसतंय का? आणि आता?" विचारायचं आणि घरी येऊन तुझ्या समुद्राची दाई व्हायचं, हे परस्पर ठरलं.

परवा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून तुझा नवा व्हिडिओ बघितला. पांढरा शर्ट शोभतो तुला. त्यात तू बोट नाचवत सांगतोस की कॅल्शियम म्हणजे प्रवाळाचा प्राण, आणि मॅग्नेशियम ही दुकानदारांनी काढलेली टूम. खाली लोकांनी हात जोडलेत. मागे दिसणारी टाकी आपलीच. मागच्या खेपेला तू चहा निवेपर्यंत थांबला होतास तेव्हा घेतलेलं ते चित्रण. आप्पांची खुर्ची मध्ये येत होती म्हणून ती तू मला बाजूला सरकवायला लावलीस. खुर्चीत आप्पा होते.

आता तुझ्या विद्वत्तेने इथे काय दिवे लावले ते ऐक. हिवाळ्याच्या सुरुवातीला प्रवाळाचं जांभळं झाड बुडापासून पांढरं पडायला लागलं. मी पाणी तपासलं, कॅल्शियम कमी. तुला फोन केला, तू म्हणालास, "मग टाक ना आणखी." टाकलं. दुसऱ्या दिवशी आणखी कमी. पुन्हा फोन. "ताई, तू तपासणीचे थेंब नीट मोजत नाहीस." म्हणजे लोकांच्या डोळ्यांचे पाव-पाव नंबर काढणाऱ्या बाईला थेंब मोजता येत नाहीत. मी दुप्पट ओतलं. पाण्याचं दूध झालं. हीटरवर चुन्याचं पुट चढलं, पंप अडकून बसला, मासे कोपऱ्यात जाऊन धापा टाकायला लागले. आणि आप्पांनी जेवण सोडलं. घास पुढे केला की मान फिरवून काचेकडे बघत बसायचे.

तेव्हा मी तुझं कपाट उपसलं. खालच्या खणात, तुझ्या बक्षिसाच्या ढालींमागे, मॅग्नेशियम तपासायची पेटी होती. सील शाबूत. जगाला प्रवाळ शिकवणाऱ्या माणसाने ती एकदाही फोडलेली नव्हती. आतल्या कागदावर शाळकरी पोरालाही कळेल असं लिहिलंय: पाण्यात मॅग्नेशियम पुरेसं असलं तरच कॅल्शियम विरघळलेलं राहतं. ते कमी पडलं की तुम्ही वरून कितीही ओता, प्रवाळाच्या अंगी लागत नाही, चुना होऊन तळाला बसतं. मी तपासलं. तेराशेच्या आसपास हवं होतं, ते हजाराच्या जरा वर रेंगाळत होतं. मग घाई न करता रोज थोडं थोडं वाढवत नेलं, तोवर कॅल्शियमला हातही लावला नाही. मॅग्नेशियम जागेवर आलं, आणि त्यानंतर टाकलेलं कॅल्शियम टिकायला लागलं. जांभळ्या झाडाला आता टोकांशी नवी वाढ दिसते. तू खुशाल तुझ्या भक्तांना टूम म्हणून सांगत राहा.

आता आप्पांचं.

त्यांचं विसरणं वाढलंय. जेवलो की नाही ते आठवत नाही, आईला जाऊन किती काळ झाला ते आठवत नाही. पण पाणीपुरवठा खात्यात जन्म काढलेला माणूस तो, संध्याकाळी मी नळी घेऊन टाकीपाशी बसले की खुर्ची ओढून जवळ येतात. नळीतल्या पाण्यात मी तपासणीच्या औषधाचा एकेक थेंब सोडते आणि ते मोठ्याने मोजतात. एका थेंबाला वीस कॅल्शियम धरायचं. गुलाबी पाणी निळं झालं की थांबायचं. एकवीस थेंबांना निळं झालं की "चारशे वीस, ठीक" म्हणतात आणि त्या दिवशी पोटभर जेवतात. पाणी दुधाळ झालं तेव्हा ते का जेवत नव्हते, हे माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

टाकी गेल्यावर आप्पा काय मोजतील, हे तुझ्या टेम्पोवाल्याला विचारून कळव.

आणखी एक आहे. ते लिहिणार नव्हते.

टाकीत कोपरापर्यंत हात घालावा लागतो, म्हणून मी तुझा जुना चौकड्यांचा शर्ट घालते आणि केस वर बांधते. हिवाळ्यातच एकदा मागून आप्पा म्हणाले, "सोन्या, बाही वर कर, भिजेल." मी वळून म्हटलं, "आप्पा, मी ताई." त्यांनी माझ्याकडे बघितलं, चांगलं निरखून बघितलं, आणि म्हणाले, "ताई कुठली आता? ती कशाला येईल इकडे?"

तेव्हापासून मी सोन्या आहे. आधी वाटलं, साहजिकच आहे, लाडका लेक. तुझा इतका राग आला की तुझे सगळे मासे गटारात सोडावेत असं वाटलं. पण ते रोज थेंब मोजून झाले की मला विचारतात, "ताईचा फोन आला होता का?" मी आला होता म्हणते. मग म्हणतात, "तू करत जा रे तिला अधूनमधून. घरासाठी फार केलं तिने. मी कधी बोललो नाही." परवा म्हणाले, "तिला सांग, एकदा येऊन जा म्हणावं. खुर्ची दाराकडे वळव माझी."

मी वळवली. आता ते टाकीही बघतात आणि दारही. आणि मी त्यांच्या समोर, तुझा शर्ट घालून, ओल्या हाताने उभी असते. घरात राहिले मी आणि वाटही माझीच बघतात. तू गेलास याचा त्यांना पत्ताच नाही. रोज त्यांच्याजवळ असल्याचं श्रेय तुला फुकटात मिळालंय, सोन्या, आणि तुला त्याची गंधवार्ताही नाही. मला तुझी कीव यायला हवी. येत नाही.

म्हणून टेम्पो पाठवू नकोस. माणसं आली तर मी दार उघडणार नाही, हे लिहून देते. तू ये. कॅमेरा न घेता ये. पांढरा शर्ट घरी ठेव, चौकड्यांचा धुऊन ठेवते. संध्याकाळी बाही वर करून टाकीत हात घाल आणि थेंब सोडायला बस. चुकलास तरी हरकत नाही, आकडे ते सांभाळतात. तेवढ्या वेळात मी बाहेर जाईन, केस सोडेन, साडी नेसेन आणि बेल वाजवून दारातून आत येईन.

त्यांनी मला "आलीस?" म्हटलं, की मग न्यायची तर ने तुझी टाकी.

तोवर तुझ्या नावाला ओ देणारी,
ताई